चिऱ्याच्या घरातलं वायफाय : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

आज फक्त मोजणी, वायफाय कुठल्या खोलीत किती पोचतं त्याची. खरेदीचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच बसले.

घर लांजा तालुक्यातलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, ओटीमागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर. माजघराच्या डोक्यावर माडी. आतल्या भिंतीसुद्धा गिलाव्यासकट सव्वा फुटाच्या. फायबरची तार ओटीच्या कोपऱ्यात येते आणि तिथेच केबलवाल्याने दिलेला ओएनटी (फायबरवरचं इंटरनेट घरात देणारा डबा) भिंतीला टांगलेला आहे. त्याच्यातच वायफाय आहे, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. वायफायच्या लहरींचा दुसरा नेहमीचा पट्टा, ५ गिगाहर्ट्झ, नाहीच.

फोनवर वायफाय अ‍ॅनलायझर (सिग्नलची ताकद मोजणारं ॲप) घातला आणि प्रत्येक खोलीत त्याच त्या जागी, फोन छातीच्या उंचीवर धरून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून नोंद केली. ओटी उणे ४२. माजघर उणे ६१. माडीवर सईच्या टेबलापाशी उणे ७०. स्वयंपाकघर उणे ७८. परसदारी विहिरीपाशी कधी उणे ८६, कधी काहीच नाही.

हे आकडे डीबीएमचे. शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं. ३ ने घसरलं की ताकद निम्मी होते, १० ने घसरलं की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे एका चिऱ्याच्या भिंतीपलीकडे १९ डीबी गेले याचा अर्थ ओटीवर जे होतं त्याच्या शतांशाच्या आसपासच माजघरात पोचतंय. थोडं अंतरामुळेही जातं, पण मुख्य मारेकरी भिंत. व्हिडिओ कॉल निर्धास्त चालायला उणे ६७ च्या अलीकडचा आकडा हवा. उणे ७५ ओलांडलं की आवाज तुटायला लागतो.

मग लॅपटॉप थेट ओएनटीच्या पोर्टला तारेने जोडला. प्लॅन ५० एमबीपीएसचा, वेग ४८-४९ भरला, चढता आणि उतरता दोन्ही. बाहेरून येणारं पूर्ण येतंय. जे सांडतंय ते घराच्या आत सांडतंय. ही चाचणी सगळ्यात आधी करावी, नाहीतर केबलवाल्याला उगाच फोन होत राहतात.

आणखी एक : स्वयंपाकघरात बसून ओएनटीलाच, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग लावलं, म्हणजे हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते पाहिलं. ओटीवर उत्तर २ ते ४ मिलिसेकंदांत येतं. स्वयंपाकघरात मध्येच २००, मध्येच ४००, आणि बरीच डेटाची पाकिटं हरवलेली. इंटरनेटचा संबंधच नाही, घरातल्या घरात ही गत.

५ जून

कोणाला काय लागतं ते लिहून काढलं.

सई (भाची) पदव्युत्तर परीक्षेची तयारी करते. तिचे वर्ग रोज संध्याकाळी ऑनलाइन, माडीवर. वर्ग चालू असताना चित्र गोठतं, मग ती जिना उतरून ओटीवर येते, तिथे अप्पांच्या बातम्या चालू. तिचं वर्ष याच्यावर अवलंबून आहे आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचं पहिलं कारण तेच.

वहिनी काजू आणि आंबापोळीच्या ऑर्डरी फोनवर घेते. तिचा दिवस स्वयंपाकघरात जातो. फोटो चढत नाहीत, पैसे आल्याचा निरोप उशिरा दिसतो, गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे जातं.

दादा जहाजावर. बंदराला लागला की व्हिडिओ कॉल करतो. कॉल माजघरात घेता आला पाहिजे, कारण आईला गुडघ्यांमुळे ओटीचा उंबरा ओलांडून यायला त्रास होतो.

अप्पांचं वेगळंच. आमच्याकडे मोबाइलची रेंज तुळशीवृंदावनापाशी येते आणि घरात शिरताना संपते. वायफाय कॉलिंग चालू केलं तर साधा फोनसुद्धा वायफायवरून लागतो, पण त्याला वायफाय धड लागतं. रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन करायची वेळ आली तर पावसात अंगणात उभं राहावं लागू नये.

मी जीएसटीचे रिटर्न भरते. माझं काम ओटीवर, ओएनटीपाशी. माझी तक्रार नाही.

तर गरज वेगाची नाहीच. एका व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी ३-४ एमबीपीएस पुरतात. तीन कॉल एकदम चालले तरी ५० चा प्लॅन हसत झेपतो. गरज आहे ती तोच वेग न अडखळता माडीवर आणि स्वयंपाकघरात पोचण्याची. बजेट सगळं मिळून ५,०००. त्यात राउटर, तार, आणि वीज गेल्यावरची सोय.

९ जून, रविवार

पाऊस लागला. त्याच जागांवर पुन्हा मोजलं. स्वयंपाकघर उणे ८१, माजघर उणे ६२. आतल्या भिंतींचा हा फरक मी धरत नाही, कारण जागेवर उभं राहून नुसतं वळलं तरी आकडा तीन-चारने हलतो. परसदारी मात्र पूर्ण बंद. जांभा सच्छिद्र, पाणी पितो, आणि स्वयंपाकघराची मागची भिंत पावसाच्या तोंडावर आहे. ओली भिंत लहरी गिळते. मे महिन्यात मोजून ठरवलेली जागा जुलैत चालेलच असं नाही, म्हणून यापुढची सगळी मोजणी पावसातच करायची.

१२ जून

सई म्हणाली, "आत्या, घ्यायचाच तर वायफाय ६ ई किंवा ७ घे ना, पुढची दहा वर्षं बघायला नको." तिला नीट समजावून सांगितलं, आणि ते इथेही लिहून ठेवते.

६ ई ची सगळी मजा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा भारतात जून २०२४ पर्यंत तरी वायफायसाठी परवानामुक्त झालेला नाही. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ साली मोकळा झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. त्यामुळे ६ ई चे जास्तीचे पैसे आज वाया. वायफाय ७ चं प्रमाणीकरण याच वर्षी जानेवारीत सुरू झालंय, किमती आवाक्याबाहेर. शिवाय वारंवारता जितकी जास्त तितकी भिंत जास्त जड जाते. मोकळ्या जागेतसुद्धा त्याच अंतराला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा सहा-सात डीबीने कमी भरतो, चिऱ्यातून तर विचारूच नका. आमच्या घरात ६ गिगाहर्ट्झ माजघराच्या दारातच थांबेल.

आता खोक्यांवरचे आकडे. 'एसी १२००' म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, यांची बेरीज वरच्या शंभरात नेलेली. कुठलाही एक फोन ही बेरीज वापरत नाही, तो एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. आणि ८६७ हा आकडा दोन अँटेनांवरून एकदम जाणारे दोन प्रवाह आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल धरून, कागदावरचा. हातात त्याच्या निम्मं-साठ टक्के पडलं तरी चांगलं. एकच अँटेना असलेला स्वस्त फोन ४३३ वरच जुळतो.

यातली एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. वायफाय ५ म्हणजे एसी, हे तंत्र फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालतं. एसी राउटरचा २.४ चा भाग त्याच्या आधीचा, २००९ सालचा 'एन' असतो. वायफाय ६ म्हणजे एएक्स, ते दोन्ही पट्ट्यांवर चालू शकतं. म्हणून वाटतं, आपल्याला २.४ महत्त्वाचा, तर एएक्स घ्यावा. पण स्वस्तातले 'एएक्स १५००' बघा : २.४ वर ३०० आणि ५ वर १२०१. हे ३०० म्हणजे पुन्हा तोच 'एन'. २.४ वरही खरा वायफाय ६ हवा असेल तर तिथला आकडा ५७४ दिसला पाहिजे, म्हणजे 'एएक्स १८००' पासून पुढे. खोक्यावर मोठ्या अक्षरात '६' असलं तरी हा बारीक आकडा वाचायचाच.

पोर्टचंही तसंच. कितीतरी एसी १२०० राउटरांचे तारेचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. वर हवेत ८६७ आणि खाली तोंड १०० चं, म्हणजे पाट रुंद खणायचा आणि मोरी बोटभर ठेवायची. आमच्या ५० च्या प्लॅनला आज तेवढंही पुरतं, पण केबलवाल्याच्या दरपत्रकात १०० आणि १५० चे प्लॅन आलेत. राउटर पाच-सहा वर्षं वापरायची वस्तू. पोर्ट गिगाबिटचेच घ्यायचे.

यादी आखडत आणली. टीपी-लिंक आर्चर सी ५० (एसी १२००, पोर्ट १०० चे), आर्चर सी ६ (एसी १२००, पोर्ट गिगाबिट), आर्चर एएक्स १० (एएक्स १५००, गिगाबिट), आर्चर एएक्स २३ (एएक्स १८००, गिगाबिट). दुसऱ्या कंपन्यांचेही याच जातकुळीचे मिळतात. मी आकडे बघतेय, नाव नाही.

गावातल्या एकाने जुना राउटर सहाशेला देऊ केला होता. चांगला माणूस, पण राउटर एकाच पट्ट्याचा, आणि कंपनीने त्याचे अपडेट कधीच बंद केलेत. २०१७ साली डब्ल्यूपीए २ (वायफायचं कुलूप म्हणा) मधली मोठी फट उघडकीस आली तेव्हा ज्यांना अपडेट मिळाले ते सुटले, बाकीचे तसेच उघडे. घरात वहिनीचे पैशांचे व्यवहार चालतात आणि माझ्याकडे लोकांचे हिशेब असतात. नको म्हटलं.

१५ जून, शनिवार

रत्नागिरीला गेले. दुकानदाराने काउंटरवर सहा अँटेनांचा राउटर ठेवला. "ताई, हा न्या. सहा अँटेना. भिंतीबिंतीची काळजीच नको."

मी विचारलं, "राउटरचा आवाज मोठा झाला, पण फोनचं काय? त्यालाही उलट बोलायचं असतं ना?"

तो थांबला. "ते खरंय."

हेच कळीचं आहे. राउटर प्लगवरच्या विजेवर मोठ्याने बोलतो, फोन बॅटरी राखून हळू बोलतो. फोनवर चार कांड्या दिसतात कारण राउटरचं त्याला ऐकू येतं, पण त्याचं राउटरला ऐकू जात नाही, आणि मग वहिनीचे फोटो चढत नाहीत. अँटेनांनी थोडा फरक पडतो, खोटं नाही, पण दोन चिऱ्याच्या भिंतींवर तो उतारा नाही. राउटर फोनच्या जवळ नेणं हाच उतारा.

मग त्याने मेशचा जोड, म्हणजे आपसात बोलून एकच वायफाय पसरवणारे दोन डबे, दाखवला. वस्तू उत्तम, पण बजेटच्या पुढे, आणि त्यातला दुसरा डबा पहिल्याशी बोलणार तोही त्याच भिंतीतून. रिपीटरचं दुखणं आणखी वेगळं : तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा सांगतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. मध्ये तार टाकली तर यातला कुठलाच प्रश्न उरत नाही. जिथे तार नेणं शक्य आहे तिथे तारेला पर्याय नाही, असं माझं पक्कं मत झालंय.

राउटर आज घेतला नाही. तार घेतली. कॅट ६, भरीव तांब्याची, २० मीटर. दुकानात दोन रिळं होती, एक जवळजवळ निम्म्या भावाचं. दोन्हींची टोकं मागून घेतली आणि ब्लेडने एकेका तारेचा पृष्ठभाग खरवडला. महागाचं आतपर्यंत तांबूस. स्वस्ताचं खरवडताच पांढरं चमकलं, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. उचलून बघितलं तरी कळतं, हलकं लागतं. ते दोनदा वाकवलं की तुटतं आणि त्याचा रोधही जास्त. दुकानदाराने न कुरकुरता खरवडू दिलं, उलट त्याच्या पोऱ्याला बोलावून दाखवलं, हे लिहायलाच हवं.

१६ जून, रविवार

आजचा दिवस खरा कामाचा.

शेजारच्या घरून त्यांचा दोन पट्ट्यांचा राउटर दोन तासांसाठी मागून आणला. तार अजून ठोकायची नाही, नुसती ओटीवरून जिन्याने माडीवर सोडली. राउटर माडीवर, मधोमध, जमिनीपासून हातभर उंच स्टुलावर.

माडीची जमीन लाकडी फळ्यांची, खाली सागाच्या तुळया. चिरा नाही, सिमेंट नाही, सळई नाही. माजघरात उतरून मोजलं : २.४ वर उणे ४७, आणि ५ वर उणे ५४. ओटीवरून एक भिंत ओलांडताना जे उणे ६१ मिळत होतं, ते वरून फळ्यांतून उणे ४७. मला अंदाज होता, इतका नव्हता. सुकं लाकूड वायफायला फारसं अडवत नाही. पूर्वजांनी भिंती बांधल्या त्या आडव्या वाटेत, उभी वाट मोकळीच आहे.

स्वयंपाकघराचं तसंच झालं. ते एकमजली, कौलं उतरती, आणि माडीच्या मागच्या भिंतीला लाकडी झडपांची खिडकी त्या कौलांवर उघडते. राउटर मधून उचलून खिडकीपासून चार हातांवर आणला. पावसाचे शिंतोडे येऊ नयेत इतपत आत. स्वयंपाकघरात चुलीपाशी २.४ वर उणे ६३, ५ वर उणे ७४. सिग्नल खिडकीतून बाहेर पडून कौलांतून खाली येतोय, चिऱ्याला हातच लावत नाही. बाहेर पाऊस चालू होता, कौलं चिंब, तरी हा आकडा. वहिनीने लगेच काजूच्या पाकिटांचे फोटो पाठवून पाहिले आणि गेले की नाही हे बघायला फोन माझ्यापुढे धरला. गेले होते.

खिडकी बंद करूनही मोजलं, कारण श्रावणापर्यंत ती बंदच असते. उणे ६५. लाकडी झडपा, त्यामुळे फरक किरकोळ.

तीन निष्कर्ष : राउटर माडीवर, मागच्या खिडकीकडे झुकता. ओटीवर ओएनटीचंच वायफाय चालू ठेवायचं, ते फुकटच आहे आणि पडवीलाही पोचतं. आणि स्वयंपाकघराची भिस्त २.४ वर, ५ वर नाही.

१९ जून

निवड झाली : आर्चर सी ६.

एएक्स २३ मनात होता. २.४ वर खरा वायफाय ६ आणि गर्दीत बरा. पण वायफाय ६ चा मोठा फायदा एकाच वेळी खूप उपकरणं बोलत असताना दिसतो. आमच्याकडे पाच फोन, दोन लॅपटॉप, एक टीव्ही. आणि शेजारचं घर नारळीच्या बागेपलीकडे, त्यामुळे हवेत दुसऱ्या कोणाची गर्दीच नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहत असते, जिथे अ‍ॅनलायझर उघडला की वीस-तीस नावं दिसतात, तर एएक्स २३ साठी हजार रुपये जास्त घातले असते आणि तसंच सुचवलंही असतं. इथे तेच हजार रुपये वीज गेल्यावर कामाला येतील.

एएक्स १० गळाला, कारण २.४ वर तोही सी ६ सारखा ३०० चाच. सी ५० पोर्टमुळे. सी ६ मध्ये गिगाबिट पोर्ट, डब्ल्यूपीए ३, आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, चालवायची सोय. खरेदी करताना खोक्याच्या तळाची हार्डवेअर आवृत्ती बघून घेतली. एकाच नावाखाली आवृत्त्या बदलत जातात, आतला चिपही बदलतो, आणि जुनी आवृत्ती दुकानात पडून असेल तर तिचे अपडेट लवकर आटपतात. अडॅप्टरवर मानक चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहिलं. आहे.

२,४४९ रुपये.

२३ जून, रविवार

तार टाकली. सई मदतीला.

वाट अशी : ओएनटीपासून वर, ओटीच्या तुळईला धरून, जिन्याच्या कठड्याच्या आतल्या बाजूने, माडीवर. चिऱ्याला एकही भोक पाडावं लागलं नाही. बाहेरून वळचणीखालून नेली असती तर अंतर कमी होतं, पण विजांच्या दिवसांत उघड्यावरची तांब्याची तार मला नको. फायबर स्वतः वीज वाहत नाही, तांबं वाहतं. सगळीकडे केसिंग पट्टी बसवली, कारण माळ्यावर उंदीर आहेत. दिव्याच्या वायरीपासून वीतभर लांब ठेवली, आणि जिथे ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात ओलांडली.

टोकं सईकडून लाववली. क्रम तिने वहीच्या मागे लिहून घेतला : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. जोड्यांची पिळ कनेक्टरच्या तोंडाशी येईपर्यंत उलगडायची नाही, ही एकच गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, कारण पिळीमुळेच एका जोडीचा आवाज दुसरीत शिरत नाही. आठही तारा कनेक्टरच्या टोकाच्या पारदर्शक भिंतीला टेकल्यात का ते उजेडाकडे धरून बघायचं, मगच चिमटा दाबायचा. तिचं पहिलंच टोक लागलं. टेस्टरवर आठही दिवे ओळीने गेले.

आणि सईच्या लॅपटॉपला जुन्या पद्धतीचा, नेटवर्कच्या तारेचा पोर्ट आहे. तिचं टेबल राउटरच्या शेजारीच. मग तिला वायफाय कशाला? दीड मीटरची तार टाकून थेट राउटरला जोडली. तिचा वर्ग आता हवेवर अवलंबूनच नाही.

२५ जून

सेटिंग.

नवा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवतेय. ओएनटीला ब्रिज करून, म्हणजे नुसता पूल म्हणून ठेवून, पीपीपीओईचं (इंटरनेट जोडणीचं) नाव-पासवर्ड नव्या राउटरमध्ये घालता आलं असतं. बरेच जण तसंच करतात, आणि ओएनटी दुबळा असेल तर तेच बरं. ५० एमबीपीएसला आमचा ओएनटी दमत नाही, आणि मी गावाला गेले असताना काही बिघडलं तर केबलवाल्याचा मुलगा येऊन त्याच्या सवयीच्या डब्यात बघू शकेल. घरातल्या उपकरणांना नेटवर्कचे आकडी पत्ते वाटायचं काम (डीएचसीपी) ओएनटीकडेच, दुसरीकडचं बंद. दोघांनी पत्ते वाटले की घरात गोंधळ माजतो. नव्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२, वाटपाच्या हद्दीबाहेर ठेवलेला.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, म्हणजे अप्पांना ओटीवरून माजघरात येताना काही करायला नको. चॅनल वेगवेगळे : ओएनटी १ वर, नवा ११ वर, दोन्हीकडे रुंदी २० मेगाहर्ट्झ. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढेच. 'ऑटो'वर सोडलं तर कधीतरी दोघं एकाच जागी येऊन बसतात. ५ गिगाहर्ट्झ ३६ वर.

फोनची एक खोड असते. एकदा ज्याला धरलं त्याला तो शेवटपर्यंत सोडत नाही. अप्पा माजघरात आले तरी फोन ओटीच्या ओएनटीलाच चिकटून उणे ६१ वर, डोक्यावर उणे ४७ असताना. उपाय : ओएनटीची प्रक्षेपणशक्ती पूर्णवरून मध्यमवर आणली. आता माजघरात शिरल्यावर त्याचा आवाज पुरेसा पडतो आणि फोन आपणहून माडीकडे वळतो. आवाज कमी करून काम सुधारतं हे सईला पटायला वेळ लागला, मग तिने स्वतः मोजून पाहिलं.

सुरक्षा : दोन्ही डब्यांचे कारखान्यातले पासवर्ड बदलले, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटण दाबून जोडायची सोय) बंद, फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत. टीव्हीला डब्ल्यूपीए ३ कळत नाही म्हणून डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवलं. काजू न्यायला येणाऱ्या लोकांसाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क करून पाहिलं, पण ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवताना ते घरच्यापासून खरोखर वेगळं राहतंय की नाही याची खात्री केल्याशिवाय चालू करणार नाही. तूर्त बंद.

३० जून, रविवार

वीज शुक्रवारी दुपारी गेली ती रात्री आली. फायबर जिवंत होता, आमचे डबे मेलेले. म्हणून यूपीएसचं काम पुढे ओढलं.

मिनी यूपीएस घेतला, १२ व्होल्टचे दोन आउटपुट, मिळून २ अँपिअर. ओएनटी आणि राउटर दोघांच्याही अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर. यूपीएसवर ८,००० एमएएच लिहिलंय. हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, १२ व्होल्टचा नाही. म्हणून ८ गुणिले ३.७, साधारण ३० वॅट-तास. व्होल्टेज चढवण्यात काही जातं, हाती २५ धरा. दोन्ही डबे मिळून १२ वॅट खातात असं धरलं तर दोन तास. खोक्यावर 'आठ तासांपर्यंत' असं छापलंय, त्याच्यावर जायचं नाही.

अडचण ही की ओएनटी खाली आणि राउटर वर. दोन यूपीएस बजेटात बसत नव्हते. म्हणून स्प्लिटरची जोडी घेतली. तारेतल्या आठपैकी चार धाग्यांवरून डेटा, उरलेल्या चारांवरून १२ व्होल्ट. किंमत : त्या दुव्याचा वेग गिगाबिटवरून १०० वर येतो, कारण गिगाबिटला आठही धागे लागतात. प्लॅन ५० चा आहे तोवर काही बिघडत नाही. प्लॅन १०० च्या वर गेला की स्प्लिटर काढून दुसरा यूपीएस घ्यायचा. तार तीच, पोर्ट तेच.

आधी हिशेब केला होता : १८ मीटरला जाऊन-येऊन सव्वा ओहम, ०.६ अँपिअरला पाऊण व्होल्ट पडणार. वरच्या टोकाला मल्टिमीटरने मोजलं, चालू राउटरला ११.३ व्होल्ट. बरोबर. मुलाम्याची तार घेतली असती तर आणखी पडले असते. स्प्लिटर लावताना एक जपायचं : वीज असलेलं टोक चुकूनही लॅपटॉपच्या पोर्टात जाता कामा नये. दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी लावून त्यावर '१२ व्होल्ट' लिहिलंय.

संध्याकाळी मेन स्विच पाडून चाचणी. एक तास ५० मिनिटं चालला.

७ जुलै, रविवार

आठवडाभराच्या वापरानंतर, पावसात, त्याच जागांवर :

ओटी उणे ४६ (शक्ती कमी केल्यामुळे, आणि तेवढं पुष्कळ). माजघर उणे ४६, ५ वर उणे ५३. माडी, टेबलापाशी उणे ३५. स्वयंपाकघर, झडपा बंद, उणे ६५. स्वयंपाकघरातून ओएनटीला पिंग ३ ते ९ मिलिसेकंद, हरवलेलं पाकीट एकही नाही. परसदारी विहिरीपाशी उणे ७४, तिथे कॉल चालेलच असं मी कोणाला सांगणार नाही.

अप्पांच्या आणि आईच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू केलं. कंपन्यांनी ही सोय २०१९-२० मध्ये आणली तरी बऱ्याच फोनवर ती सेटिंगमध्ये बंदच पडलेली असते. सिमच्या पानावर जाऊन एकेकाची चालू करावी लागते. माजघरातून साधा फोन लागतो, ओटीपी येतात. परवा दादाचा कॉल आईने पलंगावर बसून घेतला, पाऊण तास, न तुटता.

खर्च : राउटर २,४४९, तार ५६०, कनेक्टर आणि केसिंग पट्टी मिळून १८०, स्प्लिटर १५०, यूपीएस १,४५०. एकूण ४,७८९.

राहिलेलं काम : काजू ठेवतो ती खोपी. वहिनीला तिथेही हवंय. अंतर तीस-पस्तीस मीटर, मध्ये अंगण, म्हणजे तांब्याची तार उघड्यावरून. ऑक्टोबरातल्या विजा होऊन जाईपर्यंत ते काम हातात घेत नाही. तोवर फायबरचा तुकडा आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार यांना जोडणारे डबे) यांचा भाव काढून ठेवायचा. केबलवाल्याच्या मुलाकडे जोडायचं यंत्र आहे, त्याला मजुरी विचारायची.

यूपीएस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मेन पाडून तपासायचा, वेळ याच वहीत लिहायची. सईने ते काम घेतलंय.